घड्याळावरची कुत्री

मला वेड लागलंय असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण आमच्या सिस्टरला म्हणू नका. तिने माझ्या शेजारी उभं राहून सगळं पाहिलंय. त्या दिवसानंतर तिने आमच्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

रात्र नव्हती. लाईट गेलेली नव्हती. पाऊस, वारा, काही नाही.

मार्च महिना, मंगळवार, दुपारचे तीन. रस्त्यावर स्कूटर चालू होत्या, शेजारी कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने लागला होता. आणि आमच्या घराच्या पुढच्या खोलीत... पण थोडं आधीपासून सांगते.

आमचे बाबा घड्याळजी. पंचेचाळीस वर्षं ते याच पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून बसले. मला ते 'चिमटा' म्हणायचे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना चिमटा, ब्रश, तेलाची बाटली हातात द्यायचे, म्हणून. पुढे माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले आणि मागच्या खोलीत मशीन टाकून पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायला लागले. नाव मात्र चिमटाच राहिलं.

ते घड्याळ घरात यायच्या दीड वर्ष आधी बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. पायात थोडी ताकद परत आली. बोलणंही परत आलं, जरा जड, पण आलं.

डावा हात आला नाही.

नुसता हलत नव्हता असं नाही. त्याला काही कळतच नव्हतं. रोज बाबांना आंघोळ घालायला आणि व्यायाम करून घ्यायला एक नर्स यायची, तीच आमची सिस्टर. ती टाचणी टोचून बघायची.

"काका, काही?"

"टोचलीस का? सांगायचं तरी, मी ओरडलो असतो."

एकदा त्या हातावर गरम चहा सांडला. फोड आला, तरी बाबा आपले खिडकीबाहेर बघत होते. केसाएवढी स्प्रिंग ज्या बोटांनी धरली, ती बोटं ते पांघरुणाखाली लपवून ठेवायचे. "कुणाचं तरी सामान माझ्याकडे राहिलंय," म्हणायचे आणि हसायचे.

म्हणून दादाने ते घड्याळ आणलं.

माझा मोठा भाऊ जुनं फर्निचर घेतो-विकतो. एक बंद घर रिकामं करताना त्याला ते मिळालं. तो धापा टाकतच आत आला.

"अगं, जागा कर आधी! कंबर गेली माझी. बाबा, बघा काय आणलंय. तुम्ही सांगायचं, हिने हात चालवायचे. बंद पडलंय, चालू करा."

खाली काळ्या संगमरवराची बैठक. मधोमध पांढरी तबकडी, रोमन आकडे. आणि वर कांस्याची कुत्री. मांजराएवढी, पण वजनाने दगड. ती आडवी पडलेली, पुढचे पाय पसरलेले, मान खाली वाकवलेली. पोटावर आचळांची ओळ, भरलेली, इतकी हुबेहूब की मला नजर काढून घ्यावीशी वाटली.

तोंड उघडं होतं. जीभ बाहेर, लांब, टोकाला जराशी वळलेली.

आणि पुढच्या दोन पायांच्या मध्ये... काहीच नव्हतं. नुसती स्क्रूची दोन भोकं.

"इथे पिल्लू असणार," बाबा म्हणाले. खूप दिवसांनी त्यांचे डोळे चमकत होते. "ती त्याला चाटतेय. पिल्लू वेगळं ओतून नंतर बसवलं असेल. पडलं कुठेतरी."

"मग आता ती काय चाटतेय?" दादा हसला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी उजव्या हाताने कुत्रीच्या पाठीवरची धूळ पुसली.

मला तेव्हाच एक गोष्ट खटकली होती. सगळी मूर्ती काळपट तपकिरी पडलेली. जीभ तेवढी पिवळीधमक, चकचकीत. जणू रोज कशावर तरी घासली जात होती.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं.

आधी वास आला.

भिजलेल्या कुत्र्याला येतो तसा. पण त्याच्या आत आणखी एक वास होता. तान्ह्या बाळाने दूध ओकलं की ते गळ्याच्या घडीत राहून आंबतं ना... तसा. गोड आणि आंबट. मी तोंडावर ओढणी बांधली.

चाकांमध्ये केस अडकले होते.

थोडेथोडके नाहीत. मोरीच्या जाळीतून ओढून काढतो तसा गुंता. मी चिमट्याने एक टोक धरलं आणि ओढत गेले, ओढत गेले, ते संपेचना. त्यावर पांढरट, बुळबुळीत काहीतरी होतं. चिमटा उचलला की त्याची तार लोंबायची.

"उंदराने घर केलं असेल," बाबा म्हणाले. "पेट्रोलने धू सगळं. नीट सुकव. मग तेल, एकेक थेंब, जास्त नको."

मी दोनदा धुतलं. हात चार वेळा धुतले. तरी रात्री जेवताना बोटांना तोच वास येत होता, आणि मी ताटावरून उठले.

पण घड्याळ चालू झालं. चावी दिली, लंबक हलवला... टिक, टिक, टिक. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. "वा, चिमट्या," म्हणाले. त्या एका 'वा'साठी मी पुन्हा ते केस काढले असते.

पलंगाच्या डाव्या बाजूला एक बुटकं कपाट होतं, गादीच्या उंचीचं. घड्याळ आम्ही त्यावर ठेवलं.

आम्हीच ठेवलं.

चौथ्या दिवसाची दुपार. मी मागच्या खोलीत पडद्याची किनार शिवत होते. दोरा तुटला म्हणून मशीन थांबवलं. घर एकदम शांत वाटलं.

घड्याळाचा आवाज बंद झाला होता.

पुन्हा बंद पडलं वाटतं, असं म्हणत मी सुई ओवायला घेतली. तेवढ्यात...

चप.

...चप. ...चप. ...चप.

ओला, जाड आवाज. एका लयीत. मांजर बशीतलं दूध पितं तसा, पण संथ आणि मोठा. वाटलं, खिडकीतून मांजर शिरलं. मी धावत पुढे गेले.

टिक, टिक, टिक.

घड्याळ चालू होतं. तीन वाजून चार मिनिटं. खिडकी बंद. बाबा शांत झोपलेले.

त्यांचा डावा हात पांघरुणाबाहेर, कपाटाच्या कडेला टेकलेला होता. मनगटापर्यंत ओला. बोटांच्या बेचक्यांत बारीक बुडबुड्यांचा फेस साचला होता.

लाळ असेल, मी स्वतःला सांगितलं. झोपेत गळते त्यांची. पण त्यांची हनुवटी कोरडी होती. उशीचा अभ्रा कोरडा होता. मी रुमालाने हात पुसायला गेले, तर रुमालापासून बोटांपर्यंत तार ताणली गेली.

वास तोच. गोड आणि आंबट.

मी साबण लावून हात धुतला, मग मोरीत जाऊन ओकले. बाबांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. बरोबर तीनला टिकटिक थांबायची, चप चप सुरू व्हायचं, आणि मी दारात पोचेपर्यंत सगळं जिथल्या तिथे. फक्त हात ओला.

आठवड्याने सिस्टरने मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, काकांच्या हाताला काय लावता तुम्ही?"

"काही नाही. का?"

"या ना. बघा."

उजव्या हातावर बाबांना भरपूर केस होते. डाव्या हातावर मनगटाच्या खाली एकही उरला नव्हता. कातडी गुलाबी, तुकतुकीत झाली होती, आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. नखं इतकी पातळ की सिस्टरने दाबलं की वाकायची.

सत्तरीच्या माणसाच्या मनगटाला नुकत्याच जन्मलेल्या कुणाचा तरी हात लावलाय, असं दिसत होतं.

डॉक्टर आले. ओलसर राहिल्याने होतं असं, म्हणाले. पावडर लिहून दिली आणि हात कोरडा ठेवा म्हणाले.

ते गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं.

"चिमट्या, एक सांगू? सिस्टरला नको सांगूस. मला कळतं."

"काय कळतं, बाबा?"

"हाताला. रोज दुपारी. गरम असतं... खरखरीत. आधी बोटं, मग तळवा." त्यांनी उजव्या हाताने तो हात कुरवाळला. "दीड वर्षात पहिल्यांदा गं. वाटतं, हात माझाच आहे."

मी टाचणी आणून टोचली. त्यांना कळलं नाही. पुन्हा टोचली, जोरात. रक्ताचा थेंब आला. त्यांना कळलं नाही.

"असं नाही कळत," ते म्हणाले. "तिचंच कळतं."

'तिचं' म्हणताना त्यांनी कपाटाकडे पाहिलं. इतक्या मायेने पाहिलं की मला शिसारी आली. स्वतःच्या बापाची शिसारी. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

ते झोपल्यावर मी कुत्रीला हात लावून बघितला. पाठ थंड होती, धातू असतो तशी.

पोट... गरम होतं.

तो मंगळवार आला. मी सिस्टरला दुपारी थांबवून घेतलं. खोलीतले सगळे दिवे लावले, पडदे बाजूला सारले. बाबा जागे होते. त्यांना ठाऊक होतं आम्ही कशासाठी थांबलोय. त्यांनी आपल्या उजव्या हाताने डावा हात उचलला आणि स्वतःहून कपाटावर ठेवला. कुत्रीच्या दोन पायांच्या मध्ये.

तीन वाजले.

टिक... टिक...

थांबलं.

कुत्री हलली नाही. हे मी शपथेवर सांगते. कांस्य जागच्या जागी होतं. जीभ होती तिथेच होती.

हलली ती हाताची कातडी.

मनगटाशी एक खळगा पडला, ओला, अंगठ्याएवढा. तो हळूहळू बोटांकडे सरकला. कातडी त्याच्यापुढे गोळा होत गेली, पायाने ढकललेल्या सतरंजीसारखी. मग सैल झाली. मागे ओलसर पट्टा राहिला.

चप.

पुन्हा मनगटाशी खळगा. पुन्हा बोटांपर्यंत.

चप. ...चप.

बाबांचा चेहरा छताकडे होता. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, आणि ओठांवर हसू. आईच्या कुशीत पडलेल्या तान्ह्या मुलाचं असतं तसं. त्यांच्या गळ्यातून बारीक आवाज निघत होता. कुईऽ... कुईऽ...

सिस्टरने माझा दंड पकडला. तिची नखं रुतत होती.

खळगा करंगळीवर आला. एकदा गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा करंगळीचं नख सुटून आलं. रक्त नाही, काही नाही. उकडलेल्या बदामाचं साल सुटतं तसं अलगद. त्या फेसात तरंगत ते कपाटाच्या कडेला आलं आणि जमिनीवर पडलं.

बाबा हसतच होते.

सिस्टर तिथेच, पलंगाजवळ ठेवलेल्या बाबांच्या आंघोळीच्या टबात ओकली. मी ओरडले की नाही आठवत नाही. बाबांचा हात ओढून मी छातीशी धरला. तो ऊन होता, बुळबुळीत होता, आणि माझ्या ब्लाउजवर त्याचा डाग उमटला.

टिक, टिक, टिक.

मी दादाला फोन केला. तासाभरात तो आला. मी काय सांगत होते ते त्याला धड कळलं नाही, पण नख बघून तो घड्याळ उचलायला पुढे झाला.

"नको नेऊ रे," बाबा रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "पाया पडतो तुझ्या. ती मला काही करत नाही."

"बाबा, हात सोलला जातोय तुमचा!" मी म्हणाले.

"दुखत नाही ना मला!"

"उद्या दंड सोलेल. परवा खांदा."

"सोलू दे." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माझी काळजी नाहीये, चिमट्या. तुला किळस येतेय. खरं सांग."

मी खरं सांगितलं.

"हो. येतेय."

दादाने घड्याळ उचललं. दाराशी पोचल्यावर त्याने ते एकदम खाली ठेवलं, तळहात पँटला खसाखसा पुसला, आणि मग पुन्हा उचललं. काय लागलं हाताला, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्याच आठवड्यात ते लांबच्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे गेलं. दादाने पुढे दोन-तीनदा चौकशी केली. घड्याळ छान चालतंय, कुणाची काही तक्रार नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

बाबांचा हात बरा झाला. कातडी जाड झाली, केस आले, करंगळीला नवं नखही आलं. डॉक्टर खूश. हात मात्र पुन्हा मेला.

आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. सूप भरवायला गेलं की तोंड मिटून घ्यायचे. रोज दुपारी तीनला त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज न करता. मी घड्याळं काढून टाकली घरातली सगळी. तरी त्यांना तीन कळायचे.

मला राहवेना. मी एक टॉवेल कोमट पाण्यात भिजवून, पिळून, त्यांच्या डाव्या हातावरून फिरवायला लागले. मनगटापासून बोटांपर्यंत. तशीच संथ. स्वतःच्या हातांची घाण वाटायची मला, पण मी रोज करायचे. बाबा वळूनही बघायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "ही ती नाही."

आठ महिने मी ते केलं. दुपारचे तीन, बादली, टॉवेल.

नोव्हेंबरातली गोष्ट. त्यांचं अंग पार वाळलं होतं, आवाज नव्हता, बहुतेक वेळ गुंगीत असायचे. मी बादली घेऊन खोलीत आले. टॉवेल पाण्यात बुडवला. पिळायला घेतला.

"आली," बाबा म्हणाले.

स्पष्ट. मी वर बघितलं.

ते भिंतीकडून वळले होते. डोळे अर्धे मिटलेले. डावा हात रिकाम्या कपाटावर टेकलेला. आणि मनगटाशी... एक खळगा.

टॉवेल माझ्या हातात होता. पाण्यात.

चप. ...चप. ...चप.

तोच वास खोलीभर पसरला. बाबांच्या गळ्यातून तो आवाज आला, कुईऽ... आणि आठ महिन्यांनी ते हसले.

मी पुढे होऊन हात ओढून घेऊ शकले असते. दोन पावलांवर होते.

मी बादली उचलली. बाहेर आले. दार ओढून घेतलं.

मागच्या खोलीत जाऊन मशीन चालू केलं आणि कुठल्यातरी उरलेल्या कापडावर शिवत सुटले, नुसत्या सरळ रेघा, एकीला लागून एक. पाय थांबवला की ऐकू येईल म्हणून थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने हात बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "ताई... परत?"

"नाही हो," मी म्हणाले. "मी तेल लावते हल्ली."

तिने हातमोजे चढवले आणि काम आटोपून गेली. दुपारी तीनला मी पुन्हा दार ओढून घेतलं. तिसऱ्या दिवशीही. बाबांनी त्या तीन दिवसांत दोन्ही वेळेला पोटभर सूप घेतलं. मला "चिमट्या" म्हणून हाक मारली.

चौथ्या दिवशी दुपारी मी दार उघडलं तेव्हा ते गेलेले होते.

डाव्या खांद्यापासून ते कपाळापर्यंत सगळे ओले होते. भुवया नव्हत्या. केस नव्हते. गालाच्या सुरकुत्या गेल्या होत्या, कातडी गुलाबी आणि पातळ. ओठ चंबू केल्यासारखे पुढे आलेले, आणि त्यांच्या कोपऱ्यात पांढरट काहीतरी सुकलेलं. गोड आणि आंबट वासाचं.

दादा यायच्या आत मी ते पुसून काढलं. चादर, अभ्रा, गादी, सगळं मागच्या अंगणात जाळलं. दादा दाराशीच उभा राहिला. चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "किती लहान दिसतायत गं." मग बराच वेळ रडला. शेवटी त्याने मला विचारलं, "त्रास झाला का गं त्यांना, जाताना?"

"नाही," मी म्हणाले.

हे मी खोटं सांगितलेलं नाही. त्यांना काहीच त्रास झाला नाही. तीन दिवस ते दुपारची वाट बघत होते, आणि त्यांना जे हवं होतं ते मिळालं, आणि ते मी मिळू दिलं.

आता मला माझ्याच हातांची किळस येते. याच हातांनी मी ते दार ओढून घेतलं होतं.